पानगळ, दोन हप्त्यांत

मी टाकलेला लाल पानांचा फोटो न्यू जर्सीतला का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, तो न्यू जर्सीतला नाही. लालभडक पानांमागे जी दगडी कमान दिसते ती मुंबईच्या फोर्टातली आहे आणि पानं आपल्या देशी बदामाची. शाळेच्या वाटेवर त्याचीच फळं दगडाने फोडून आतली एवढीशी बी आपण खाल्लेली आहे.

हा प्रश्न मला दर वर्षी येतो. ऑक्टोबर संपता संपता मामेभाऊ फॅमिली ग्रुपवर सेंट्रल पार्कचे मेपल टाकतो. मी माझा बदाम टाकते तो फेब्रुवारीत. मग कुणीतरी हमखास, "अगं, कधी गेलीस अमेरिकेला?" आणि मी नाही म्हटलं की, "मुंबईत कुठला आलाय ऑटम!"

आहे की. फक्त तो एकरकमी मिळत नाही, दोन हप्त्यांत मिळतो. आपल्या पंचांगाने त्याला एकच नाव कधी दिलंच नाही. आश्विन-कार्तिकातला शरद, म्हणजे धुतलेलं आकाश आणि कोजागिरीचं चांदणं. पानगळ मात्र शिशिराची, माघ-फाल्गुनातली. न्यूयॉर्कवाल्यांना उजेड आणि पानं एकाच आठवड्यात मिळतात. आपल्याकडे आधी उजेड येतो, पानं मागाहून.

पहिला हप्ता ऑक्टोबरचा. मुंबईतून पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या आसपास माघारी फिरतो आणि मग काही दिवस हवेत धूळ नसते. घामाच्या धारा लागलेल्या असतात, त्याबद्दल तक्रार करायची नाही. या दिवसांत झाडांकडे बघू नका, ती हिरवीगारच असतात. भिंतींकडे बघा. चार महिने कंपाउंडवर, छज्ज्यांवर, पन्हळींखाली जे शेवाळ माजलेलं असतं ते आता पिवळं पडतं, मग तपकिरी, शेवटी काळं. कौलांच्या खाचांत उगवलेलं गवत सोनेरी होतं. जुन्या इमारतीच्या कंगोऱ्यातून डोकावणारा पिंपळ तेवढा हिरवा राहतो, कारण तो मुक्कामालाच आलेला असतो. मुंबईत पानगळीचा रंग आधी चढतो तो दगडावर. मला विचाराल तर मेपलपेक्षा हे अवघड आणि म्हणूनच जास्त मजेचं.

उजेडासाठी ओव्हल मैदान. पूर्वेला गॉथिक शैलीतले राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. २०१८ साली युनेस्कोने दोन्ही बाजू मिळून जागतिक वारशात घेतल्या. फोटो काढणाऱ्याच्या कामाची गोष्ट त्यांच्या तोंडांची आहे. गॉथिक इमारती पश्चिमेकडे बघतात, डेको पूर्वेकडे. त्यामुळे सकाळी डेको, संध्याकाळी त्याच जागी पाठ फिरवून गॉथिक. संध्याकाळी समोरच्या इमारतींची सावली मैदान ओलांडत येते, एकात एक चाललेल्या सगळ्या मॅचेस झाकोळतात, आणि २८० फुटी टॉवरचा वरचा भाग तेवढा उजळलेला राहतो. कुर्ल्याचा तो फिकट पिवळा दगड तेव्हा गुळासारखा दिसतो. १८७८ साली टॉवर पुरा झाला. त्याचा नकाशा काढणाऱ्या गिल्बर्ट स्कॉटने मुंबई कधी पाहिलीच नाही. म्हणजे हा गूळ त्याच्या हिशेबात नव्हता.

एक तांत्रिक गोष्ट, कारण तीही विचारली जाते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवू नका. त्याला तो पिवळेपणा चूक वाटते आणि तो ती निमूटपणे दुरुस्त करतो. डेलाइटवर ठेवा. दुसरं, 'दुपारी फोटो काढू नये' हा नियम कोरीवकामाला लागू नाही. सीएसएमटी स्टेशनचा दर्शनी भाग पश्चिमेला आहे. सूर्यास्ताच्या वेळी ऊन भिंतीवर समोरून आदळतं आणि कोरलेली पानं-फुलं सपाट होतात. तेच दुपारी दोन-अडीचला ऊन भिंतीला घासून जातं, आणि जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी घडवलेल्या प्रत्येक पानाखाली त्याची सावली पडते. माझी जेवणाची सुट्टी तेव्हाच असते. डबा चार वाजता खाल्ला तरी चालतो.

दुसरा हप्ता फेब्रुवारीचा. आपल्याकडची झाडं थंडीने पानं टाकत नाहीत. पाणी आटत जातं, आणि बाष्पावाटे ते उडवणारी पानं सांभाळणं झाडाला परवडत नाही. बदाम जाताना हिरवा रंग आधी काढून घेतो, म्हणून पिवळा, शेंदरी, लाल, कधी एकाच पानावर तिन्ही. पान जाड आणि चकचकीत असल्यामुळे त्यावर आकाश पांढरं चमकतं. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावून जरा फिरवला की रंग बाहेर येतो. फोन वापरत असाल तर उजेड थोडा कमी करा, नाहीतर लालाचा नुसता लगदा होतो. आणि पानाच्या मागून ऊन घ्या. फेब्रुवारीपर्यंत मुंबईच्या पानांवर बांधकामांच्या धुळीचा थर बसलेला असतो. उन्हाच्या बाजूने बघितलं तर तोच दिसतो, पलीकडून बघितलं तर शिरा दिसतात.

रविवारी मी दादर-माटुंग्याला उतरते. पारशी कॉलनीतल्या महोगनी तेव्हा भराभर पानं टाकतात. त्यांची लाकडी फळं तडकतात आणि पंखवाल्या बिया गिरक्या घेत खाली येतात. मागे डेकोच्या गोलसर बाल्कन्या. सगळं आयतं.

पण लवकर जायला लागतं. पहिल्या वर्षी मी साडेसातला पोचले तेव्हा रस्ता लख्ख झाडलेला होता. दुसऱ्या वर्षी साडेसहाला गेले. अख्ख्या रस्त्यावर पानांचा गालिचा, आणि त्याच्या टोकाला खराटा घेतलेल्या मावशी.

"मावशी, दहा मिनिटं इथलं राहू द्याल?"

"तुमचा फोटू होईल. मुकादम आल्यावर मी काय दाखवू?"

मग आम्ही वाटणी केली. त्यांनी डाव्या बाजूने सुरुवात केली, मी उजवीकडचे फोटो घेतले. माझा सगळ्यात आवडता फोटो तोच आहे: अर्धा रस्ता तांबूस, अर्धा झाडून काढलेला, मधोमध खराट्याची रेघ. कॅमेरा पिशवीत ठेवताना मी हळहळत होते, तर त्या म्हणाल्या, "उद्या या की. उद्या पण पडणारच आहेत. मला सुट्टी आहे का?"

आणि हो, दोन हप्ते एकाच फोटोत आणायचे असतील तर एक युक्ती आहे. २७ ऑक्टोबर आणि १४ फेब्रुवारी या दोन दिवशी सूर्य जवळजवळ एकाच जागी मावळतो, पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला. घड्याळात अर्ध्या तासाचा फरक पडतो: ऑक्टोबरात सहा-दहाच्या सुमारास, फेब्रुवारीत पावणेसातच्या थोडं आधी. ओव्हलवरची जागा मी खुणेने ठरवलेली आहे, पायवाटेलगतच्या एका माडाच्या बुंध्याशी. दोन्ही फोटोंत टॉवरवरचं ऊन तेच, सावल्यांचा कलही तोच. ऑक्टोबरात मैदान हिरवं, फेब्रुवारीत भाजलेलं. मामेभावाने दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले आणि विचारलं, "दुसऱ्याला फिल्टर कुठला लावलास?"

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. सुट्टीत तो येणार आहे, तेव्हा सकाळी साडेसहाला दादरला नेईन.