इन्यो काउंटी: नकाशावरची नावं म्हणजे गावं नव्हेत

कॅलिफोर्नियातल्या इन्यो काउंटीचा नकाशा माणसाला सरळ फसवतो. ओवेन्स व्हॅलीतल्या लोन पाइन या गावाहून डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाकडे निघालं की कीलर, डार्विन, पॅनामिंट स्प्रिंग्ज, स्टोव्हपाइप वेल्स अशी नावं ओळीने दिसतात आणि वाटतं, पेट्रोल, पंक्चर, जेवण सगळं वाटेत होऊन जाईल. काही होत नाही. कीलर आणि डार्विन ही चांदी-शिशाच्या खाणींच्या काळातली, जवळपास रिकामी झालेली ठिकाणं. डार्विन तर हमरस्त्यावरही नाही. पॅनामिंट स्प्रिंग्ज लोन पाइनपासून साधारण ५० मैलांवर आहे आणि तिथे एक मोटेल, एक खाणावळ आणि एक पंप, एवढाच पसारा.

आकडे आधी वाचले असते तर हे कळायला हवं. काउंटीचं क्षेत्रफळ सुमारे १०,२०० चौरस मैल, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट. २०२०च्या जनगणनेत माणसं १९,०१६. तीही बहुतेक ३९५ क्रमांकाच्या महामार्गालगत, ओवेन्स व्हॅलीत. शहराचा दर्जा असलेलं एकच ठिकाण, बिशप, लोकसंख्या ३,८१९. काउंटीचं मुख्यालय इंडिपेंडन्स त्याहून कितीतरी लहान. खाजगी मालकीची जमीन जेमतेम दोन टक्के. बाकी बहुतेक केंद्र सरकारची, आणि खोऱ्यातली मोक्याची जमीन लॉस एंजेलिस शहराची.

हा शेवटचा मुद्दा समजल्याशिवाय ३९५ वरून जाऊच नये. काउंटी १८६६ साली झाली, पण त्याच्या तीन वर्षं आधी, १८६३ मध्ये, लष्कराने इथल्या सुमारे हजार पायूट या मूळ रहिवाशांना दक्षिणेला फोर्ट तेहोनपर्यंत चालवत हाकलून नेलं होतं. मग शेतकरी आले, फळबागा झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसने जमिनी पाण्याच्या हक्कांसकट विकत घ्यायला सुरुवात केली आणि १९१३ मध्ये शहराचे अभियंते विल्यम मुलहॉलंड यांनी बांधलेला २३३ मैलांचा जलमार्ग सुरू झाला. १९२४च्या नोव्हेंबरात चिडलेल्या रहिवाशांनी लोन पाइनजवळचे अलाबामा गेट्स हे जलमार्गाचे दरवाजे ताब्यात घेऊन पाणी पुन्हा खोऱ्यात सोडलं. शहराने खरेदी थांबवली नाही. ओवेन्स लेक आटला, आणि त्याच्या तळाची धूळ दाबून ठेवण्यासाठी शहराला पुढे दोन अब्ज डॉलरच्या वर खर्च करावा लागला. अजूनही जोराचा वारा असेल त्या दिवशी १३६ क्रमांकाच्या रस्त्याने जाताना काचा बंद ठेवा आणि गाडीतली हवा आतल्या आत फिरू द्या.

लोन पाइनच्या उत्तरेला नऊ-दहा मैलांवर मॅन्झानार आहे. तिथल्या बागा पाणी गेल्यावर मेल्या. मग १९४२ मध्ये लष्कराने तीच जमीन शहराकडून घेऊन तारेच्या कुंपणामागे जपानी वंशाच्या लोकांना कोंडलं. एका वेळी दहा हजारांपर्यंत माणसं होती आणि त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. एकाच जमिनीवरून तीन वेळा माणसं हलवली गेली, तीही ऐंशी वर्षांच्या आत. प्रवेश फुकट आहे. किमान तीन तास द्या, आणि स्मशानभूमीपर्यंत चालत जा; गाडीतून फेरी मारून निघून जाणं बरोबर नाही.

आता पेट्रोल. लोन पाइन ते डेथ व्हॅलीतलं फर्नेस क्रीक सुमारे १०५ मैल. फर्नेस क्रीकहून बॅडवॉटर जाऊन-येऊन ३४, रेसट्रॅक नावाचं कोरडं तळं जाऊन-येऊन १६६, आणि परतीचे १०५. बेरीज ४१० मैल. भाड्याची साधी एसयूव्ही घाट, एसी आणि कच्चा रस्ता धरून एका टाकीत हे करत नाही. डेथ व्हॅलीच्या आत तीन ठिकाणी पंप आहेत आणि दर लोन पाइनपेक्षा इतका चढा की पहिल्यांदा बघताना पाटीचा आकडा चुकला असं वाटतं. संताप येतो, पण हट्टाने न भरता पुढे जाणं हा शुद्ध वेडेपणा. लोन पाइनला टाकी काठोकाठ भरा, आत फक्त बाहेर पडण्यापुरतं घ्या. बाहेर पडणं नेवाडाकडे असेल तर डेलाइट पासमार्गे बीटी गाठा. तिथे भाव माणसात येतो.

डेथ व्हॅलीत उतरणाऱ्या १९० क्रमांकाच्या रस्त्यावरचा टाउन पास हा घाट ४,९५६ फुटांवर आहे. तिथून सुमारे १७ मैलांत रस्ता स्टोव्हपाइप वेल्सला, समुद्रसपाटीच्या पातळीवर उतरतो. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच हवी. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर अर्ध्यातच जळका वास येतो. उन्हाळ्यात चढताना इंजिनाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा.

आणि रेसट्रॅकचा रस्ता. युबेहीबी क्रेटरपासून २७ मैल. कोरड्या तळ्यावर दगड आपोआप सरकलेले दिसतात ते हे ठिकाण. हिवाळ्यात उथळ पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो, तो फुटून हलक्या वाऱ्याने सरकतो आणि दगडांना ढकलतो. २०१३च्या डिसेंबरात संशोधकांनी हे प्रत्यक्ष पाहिलं. ठिकाण अद्भुत आहे, रस्ता भयंकर आहे. नकाशातलं ॲप काहीही सांगो, एका बाजूला दोन तास धरा. पृष्ठभाग सतत आडव्या लाटांचा. वेग घेतला की चाकं उसळतात आणि ताबा जातो, हळू गेलं की हाडं खिळखिळी होतात. पण खरा शत्रू म्हणजे धारदार दगड. ते टायरची बाजूची भिंत कापतात, आणि तिथला काप पंक्चरच्या कोणत्याही किटने भरत नाही. भाड्याच्या बहुतेक गाड्यांत स्टेपनी म्हणून छोटं, तात्पुरतं चाक असतं. ते या रस्त्यावर निरुपयोगी. निघण्याआधी डिकी उघडून बघा. पूर्ण मापाचं चाक, जॅक आणि वाळूत जॅकखाली ठेवायला फळी नसेल तर जाऊ नका. मोबाइलला रेंज नाही. टो ट्रक खोऱ्याबाहेरून येतो आणि बिल हजार डॉलरच्या वर सहज जातं. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्याला मनाई असेल तर विमाही हात वर करतो. फर्नेस क्रीकला दणकट टायरच्या जीप भाड्याने मिळतात. महाग आहेत, तरी रेसट्रॅक बघायचाच असेल तर हाच एक शहाणा मार्ग. पोचल्यावर पहिल्या पार्किंगला थांबू नका; रेघा दोन मैल पुढे, दक्षिण टोकाला आहेत. जमीन ओली असेल तर पाऊल टाकू नका, ठसे वर्षानुवर्षं राहतात.

बॅडवॉटर, समुद्रसपाटीखाली २८२ फूट. रस्ता डांबरी, सोपा, सूर्योदयाला जा.

त्याच काउंटीत, तिथून सुमारे ८५ मैलांवर, माउंट व्हिटनी १४,५०५ फुटांवर उभा आहे. व्हिटनी पोर्टलहून जाऊन-येऊन २२ मैल, चढ ६,१०० फुटांच्या वर. परवान्याची सोडत १ फेब्रुवारी ते १ मार्च. १ मे ते १ नोव्हेंबर या काळात रोज एका दिवसात परतणाऱ्या १०० जणांनाच सोडतात. दिवसात उरकायचं तर पहाटे दोन-तीनला निघावं लागतं, कारण दुपारी विजा कडाडतात. ट्रेल कॅम्पला पाणी भरून घ्या, वर खात्रीचं पाणी नाही. त्यानंतरच्या नव्व्याण्णव वळणांत तारेचा कठडा असलेला पट्टा जूनमध्येही गोठलेला असू शकतो. अशा वेळी क्रॅम्पॉन नसतील तर तिथूनच मागे फिरा. शौचाची पिशवी खाली परत आणावी लागते. आदल्या रात्री समुद्रसपाटीवर झोपून चढायचा बेत तर अजिबात नको. निदान एक रात्र पोर्टलला काढाच.

बिशप आणि त्याच्या आसपास सगळं सुखाचं आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

डेथ व्हॅलीत प्रवेशाचे ३० डॉलर कार्डनेच घेतात, रोख चालत नाही. पास सात दिवसांचा. पाणी माणशी रोज एक गॅलन. निघायच्या दिवशी सकाळी पार्कच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती बघा. २० ऑगस्ट २०२३ ला फर्नेस क्रीकला एका दिवसात २.२ इंच, म्हणजे जवळपास वर्षाचा पाऊस पडला, आणि पार्क ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद राहिलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून हिवाळ्यात येणाऱ्यांना सिएरा पर्वतरांगेतला टायोगा पास हा घाट बंद मिळतो, आणि तिथून थेट दक्षिणेला वॉकर पासपर्यंत सिएरा ओलांडणारा दुसरा महामार्ग नाही. बेकर्सफील्डहून ५८ ने टेहाचापीमार्गे मोहावी, मग १४ आणि ३९५ ही नेहमीची वाट. टेहाचापीला बर्फ पडला की तीही कधी कधी बंद करतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत बेकर्सफील्डचा एक मुक्काम रद्द करता येईल असा हाताशी ठेवा.