छाटणीचा प्रवेश

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका समाजमंदिरात विडी वळणाऱ्या बायकांबरोबर आमच्या नाटकाची तालीम चालायची. बायका मांडीवर सूप घेऊनच बसायच्या. एकीचा संवाद चालू असताना बाकीच्यांची बोटं पान वळत, तंबाखू भरून दोरा बांधत. मजुरी हजार विड्यांमागे. हात थांबला की मजुरी थांबली. नाटक करवून घेणाऱ्या संस्थेच्या बजेटात मला मानधन होतं, त्यांना चहा-नाश्ता.

विषय त्यांनीच काढला: विड्यांची छाटणी. वळून आणलेल्या विड्यांतून तपासणारा मूठभर बाजूला टाकतो, त्यांचे पैसे बुडतात. तेव्हा लागू असलेल्या 1966च्या विडी-सिगार कामगार कायद्यात या तंट्याची दाद मागता यायची. गटातल्या एकीनेही ती मागितली नव्हती. का, ते प्रयोगात कळलं.

प्रयोग गल्लीतच होता. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलने रुजवलेल्या फोरम थिएटरमध्ये अन्यायाच्या क्षणी नाटक थांबवतात आणि प्रेक्षकांनाच पात्राच्या जागी उभं करतात. मी थांबवलं. एक तरुण सून उठली, तपासणाऱ्याचं मनगट धरून म्हणाली, “मोजून दाखव!” आणि पुढे नाव घेतलं. खऱ्या तपासणाऱ्याचं नाव, जे आम्ही ठरवून टाळलं होतं. गल्ली हसली, शिट्ट्या पडल्या. मागे कुणाचा तरी मोबाईल वर झाला.

“थांबवू नका, भारी चाललंय,” संस्थेचे साहेब माझ्या कानाशी. भारी होतंच. पण सकाळी तिच्या विड्या त्याच माणसापुढे जाणार होत्या. बोआलचा स्वतःचा किस्सा आहे: नाटकात लाकडी बंदुका उगारून ‘रक्त सांडू’ म्हणणाऱ्या नटमंडळींना एक शेतकरी म्हणाला, चला, खऱ्या बंदुका आमच्याकडे आहेत. मंडळींची बोलती बंद.

मी मोबाईलवाल्याकडे गेले. कुरकुरत त्याने खिशात घातला. तेवढ्यात नाटकात तपासणाऱ्याची भूमिका करणारी मावशी त्या सुनेशी तेलुगूत काहीतरी बोलली. मला कळलं नाही, कुणी सांगितलंही नाही. दोघींनी मिळून कारखान्याचं रेशन दुकान केलं, विड्यांचे गहू झाले, भांडण मात्र तेच राहिलं. साहेबांच्या मते नाटकाची धार गेली. मला विचाराल तर त्या संध्याकाळचं सगळ्यात शहाणं दिग्दर्शन तेच होतं.

नंतर साहेबांना त्या सुनेच्या नावासकट यशोगाथा आणि माझ्याकडचं सुरुवातीचं चित्रीकरण हवं होतं. तालमीच्या वेळी सगळ्यांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्याच आहेत, हा त्यांचा मुद्दा. मी गटाला पुन्हा विचारलं. मावशीने हातातली विडी पुरी केली आणि म्हणाली, “ओ मॅडम, तुमचं कामाचं कार्ड हाय का कारखान्यात?”

चित्रीकरण मी दिलं नाही. पुढच्या प्रस्तावात तालमीचे तास विडीच्या मजुरीच्या दराने लावले. ‘नाटक करायची मजुरी कसली?’ म्हणून साहेबांचे फोन अजून येतात. ती ओळ मी खोडलेली नाही.