ड्रॉ निघाला की मी आधी व्हिसा बघतो

युरोपियन फुटबॉल स्पर्धेचा ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याची सोडत, जाहीर झाला की आमच्या स्टँडमधली मंडळी विमानाची तिकिटं शोधायला लागतात. मी व्हिसा सेंटरची अपॉइंटमेंट शोधतो. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही. त्यामुळे डब्लिनमध्ये राहून, इथे टॅक्स भरून आणि शॅमरॉक रोव्हर्स या इथल्या क्लबचं सीझन तिकीट खिशात बाळगूनही भारतीय पासपोर्टवाल्याला व्हिएन्नासाठी एक व्हिसा लागतो आणि शंभरेक मैलांवरच्या, पण ब्रिटनमध्ये मोडणाऱ्या बेलफास्टसाठी दुसरा.

म्हणूनच उन्हाळ्यातल्या पात्रता फेऱ्या माझ्यासाठी टीव्हीवरच्याच. जुलै-ऑगस्टमध्ये गुरुवारी रात्री जिंकलो तर पुढचा सामना बऱ्याचदा पुढच्याच आठवड्यात. तेवढ्यात शेंगेन व्हिसा कोण देणार? २०२४ मध्ये आमची पोरं प्रागला स्पार्टाकडून मार खाऊन आली, पुढे थेस्सालोनिकीला पाओककडून. मी दोन्ही वेळा सोफ्यावर. पण पाओककडून हरल्यामुळेच आम्ही एक पायरी खालच्या स्पर्धेत, कॉन्फरन्स लीगच्या लीग फेजमध्ये (मुख्य साखळी फेरीत) पोचलो. ऑगस्टअखेर सगळं वेळापत्रक हातात पडलं: ऑक्टोबरात उत्तर आयर्लंडचा लार्न, नोव्हेंबरात रापिड व्हिएन्ना, डिसेंबरात चेल्सी. मला तारखांसकट तीन महिने मिळाले होते. त्या रात्री आमच्या घरात माझ्याइतकं खूश कोणी नव्हतं. बायको तर अजिबात नव्हती.

मी मूळचा कोल्हापूरचा, हे सांगितलं की मराठी माणसाला बाकी समजावावं लागत नाही. पेठा, तालमी, शाहू स्टेडियम. क्रिकेटच्या देशात फुटबॉलवरून घराघरांत भांडणं होणारं एक गाव आहे, आणि तिथून आलेल्या माणसाला परक्या शहरात आधी काय लागतं, तर एक संघ. मी डब्लिनच्या टाला उपनगरात घर घेतलं, आणि टाला स्टेडियम तिथेच. हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची जर्सी. आयर्लंडमध्ये सगळ्यात जास्त वेळा लीग जिंकलेला क्लब. आणि तरीही त्यांचं मिलटाउनचं मैदान १९८७ मध्ये मालकांनी विकायला काढलं, तेव्हापासून २००९ मध्ये टालाला येईपर्यंत २२ वर्षं ते दुसऱ्यांच्या मैदानांवर भाड्याने खेळत होते. माझ्या मागच्या सीटवर जे म्हातारे गृहस्थ बसतात ते म्हणतात, "आम्हाला अवे मॅचचं काय कौतुक? आमच्या सगळ्याच अवे होत्या."

ब्रिटनचा व्हिसा एकच काढला, त्यात बेलफास्ट आणि लंडन दोन्ही भागलं. लार्नचं स्वतःचं मैदान युएफाच्या (युरोपियन फुटबॉल संघटनेच्या) निकषांत बसत नव्हतं, म्हणून सामना बेलफास्टच्या विंडसर पार्कवर. डब्लिनच्या कॉनली स्टेशनवरून गाडीत बसलो, सीमा कधी ओलांडली ते कळलंही नाही, आणि नुकत्याच सुरू झालेल्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर उतरलो. गाडीत कोणी पासपोर्ट मागितला नाही. इतका खर्च करून काढलेला व्हिसा कोणाला दाखवताच आला नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. सामना ४-१ ने जिंकलो. चेल्सीचं थोडक्यात सांगतो: मार्कस पोमने गोल करून १-१ केलं तेव्हा काही मिनिटं स्टॅमफर्ड ब्रिजचा आमचा कोपरा वेडा झाला होता, आणि शेवटी ५-१ ने हरलो. पुढे मे महिन्यात त्याच चेल्सीने ती स्पर्धा जिंकली, त्यामुळे लाज वाटण्यासारखं काही नाही.

व्हिएन्ना मात्र वेगळं. नोव्हेंबरअखेर नाताळचे बाजार लागलेले असतात. टाऊन हॉलसमोर गरम पंच मिळतो, कपाचं डिपॉझिट आधी द्यायचं आणि कप परत केला की पैसे परत. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी कप आठवण म्हणून खिशात घातले. यू-४ मेट्रोने शेवटच्या स्टेशनला, हुटेलडॉर्फला जायचं. गंमत अशी की रापिडचे रंगही हिरवे-पांढरे. मेट्रोच्या डब्यात कोण आपला आणि कोण त्यांचा हे मफलरवरची अक्षरं वाचल्याशिवाय कळेना. माझ्या शेजारच्या रापिडवाल्या आजींनी माझा मफलर हातात धरून नीट वाचला, मान डोलावली आणि पिशवीतून एक टॉफी काढून दिली.

जॉनी केनीने आम्हाला आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धात त्यांनी बरोबरी केली. आणि मग ७५वं मिनिट आलं. रापिडची शंभर वर्षांहून जुनी प्रथा आहे: शेवटचा पाव तास सुरू झाला की सगळं स्टेडियम एका ठेक्यात टाळ्या वाजवतं. हे मी वाचलं होतं. पण स्कोअर १-१ असताना ते ऐकणं म्हणजे पोटात गोळा. आमचे बचावपटू चेंडू मिळेल तिकडे भिरकावत होते, आणि आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडत होतो, आमचं आम्हालाच ऐकू येत नव्हतं. १-१ वरच सुटलो. सामन्यानंतर पोलिसांनी आमच्या गटाला बराच वेळ स्टँडमध्येच थांबवून ठेवलं. अवे फॅनच्या नशिबी हे असतंच. त्या थंडीतला तो वेळ मला सामन्याइतकाच आवडतो. सगळे दमलेले असतात, कोणाला घाई नसते आणि अनोळखी माणसंही मनातलं बोलतात.

मला ऑस्ट्रियाने मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा दिला होता, म्हणून पुढचं शक्य झालं. ११ गुण मिळवून रोव्हर्स बाद फेरीच्या प्ले-ऑफमध्ये गेले. आयर्लंडच्या लीगमधला कुठलाही क्लब त्याआधी इथवर आला नव्हता. प्रतिस्पर्धी मोल्डे, नॉर्वे. १३ फेब्रुवारी २०२५.

आईला फोन केला तर म्हणाली, "अरे, शाहू स्टेडियम घरापासून हाकेच्या अंतरावर होतं, तेव्हा बाबा ऊन लागेल म्हणून सोडत नव्हते. आता बर्फात चाललास?"

ॲमस्टरडॅमला विमान बदलायचं होतं. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उलटसुलट पाहिला.

"भारताचा पासपोर्ट, आयर्लंडचं कार्ड, ऑस्ट्रियाचा व्हिसा. आणि चाललात नॉर्वेला. कशासाठी?"

"फुटबॉल बघायला."

"फेब्रुवारीत? नॉर्वेत?"

त्याचा प्रश्न रास्त होता. नॉर्वेची लीग वसंतात सुरू होते, आमचीही त्याच आठवड्यात सुरू व्हायची होती. म्हणजे दोन संघ हिवाळी सुट्टीतून उठून थेट बाद फेरी खेळणार होते. मी क्लबची ई-मेल, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि शेवटी मफलर असं सगळं काउंटरवर मांडलं. मफलर बघून त्याने शिक्का मारला.

ओलेसुंडहून बस, मग वेस्टनेसहून मोल्डेची फेरीबोट. या भागातल्या फेरीबोटींवर स्वेले खाल्लीच पाहिजे. आपल्या घावनाची जाडजूड, गोडसर बहीण म्हणा हवं तर, मधे लोणी-साखर किंवा तपकिरी चीज घालून दुमडलेली. कागदात गुंडाळून हातात येते तेव्हा इतकी गरम असते की हातमोजे काढावेसे वाटतात. मी दोन खाल्ल्या आणि डेकवर गेलो. समोर रोम्सडालची शिखरं. गावकरी म्हणतात मोल्डेहून २२२ शिखरं दिसतात. मी मोजायला गेलो नाही, कान गळून पडायची वेळ आली होती.

आकेर स्टेडियम फ्योर्डच्या अगदी काठावर आहे. आत कृत्रिम गवत, आणि आमची काहीशे माणसं एका कोपऱ्यातून ओरडताहेत. पहिला हाफ गोलशून्य. दुसऱ्या हाफमध्ये मायकल नूननने गोल केला. वय वर्षं १६. म्हाताऱ्या गृहस्थांनी मला मागून मिठी मारली, त्यांचा चष्मा पुढच्या रांगेत जाऊन पडला, आणि चष्मा शोधायला वाकलेल्या पोराने तिथूनच विचारलं, "याला उद्या शाळेत सुट्टी देतील ना?" उरलेला अर्धा तास घड्याळ पुढे सरकत नव्हतं. १-० ने जिंकलो, नॉर्वेत जाऊन.

आठवड्याने टालाला ते १-० ने जिंकले आणि पेनल्टींवर आम्ही ५-४ ने हरलो. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

डब्लिनमधल्या मराठी मंडळींसाठी एवढंच: लीगचे सामने बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी असतात. लुअस ट्रामच्या रेड लाइनने टालाच्या शेवटच्या स्टॉपला उतरायचं, तिथून चालत जायचं. व्हिसा लागत नाही. येणार असाल तर आधी कळवा, बसायला शेजारीच जागा बघतो.