उलटे बाण

दहावीच्या सहामाहीत फेनतरणाच्या, म्हणजे फेसाच्या मदतीने धातुक (धातू असलेला दगड) मातीपासून वेगळं करण्याच्या, आकृतीत मी बाण उलटे काढले होते. माती वर, धातुक खाली. जड असेल ते बुडणार, हा माझा साधा हिशेब. सरांनी दोन गुण कापले आणि वर पेपर सगळ्या वर्गाला दाखवला.

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे अलास्काला गेलो, तेव्हा केनेकॉटची जुनी तांब्याची खाण पाहायला मिळाली. शेवटचे शंभरेक किलोमीटर खडीचा रस्ता, पुढे नदीवरचा पादचारी पूल, मग व्हॅन. समोरचे दगडमातीचे ढीग पाहून मी म्हणालो, "केवढा राडारोडा टाकलाय यांनी!" जावई हसले. "बाबा, ती हिमनदी आहे. बर्फ खाली आहे." हिमनदी केनिकॉट आणि खाण केनेकॉट. एक अक्षर कधीतरी चुकलं आणि ते तसंच कंपनीला चिकटलं. तिथे गुण कापायला कोणी नव्हतं.

लाल रंगाची १४ मजली लाकडी मिल डोंगराच्या उतारावरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेली. हेल्मेट घालून आधी बाहेरून माथ्यावर चढायचं, मग आतून अरुंद जिन्यांनी खाली. दगडही असाच यायचा. वरच्या खाणींतून रोपवेच्या बादल्यांनी माथ्यावर, आणि मग उतारानेच मजल्यामजल्याला फुटत, चाळत, धुतला जात खाली. तळाशी गोण्या भरायच्या आणि ३१५ किलोमीटरवरच्या कॉर्डोव्हा बंदराला रेल्वेने धाडायच्या. १९११ साली रेल्वे आली, १९३८ साली शेवटची गाडी गेली.

मधल्या एका मजल्यावर हलणारी टेबलं दिसली आणि मी थबकलोच. फळीवर बारीक पट्ट्या ठोकलेल्या. जड धातुक पट्ट्यांना अडकायचं, हलकी माती पाण्याबरोबर वाहून जायची. म्हणजे इथे माझा हिशेब बरोबर होता! पण अगदी बारीक भुकटी मातीबरोबरच निसटायची. तिच्यासाठी १९२३ साली फेनतरण आलं: तेल धातुकाच्या कणांना धरतं, कण बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वर येतात. चुनखडीतल्या हिरव्या-निळ्या धातुकातलं तांबं विरघळवायला मात्र अमोनिया. आम्ल घातलं असतं तर ते चुनखडीनेच संपवलं असतं. हा प्रश्न सरांनी नक्की पाच गुणांना घातला असता.

टेबलाचा फोटो आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर माझ्या बाकावरच्या मित्राचं: "धातुक वर, माती खाली. आता तरी लक्षात ठेव."