बावीस मिनिटांचा कान

माझा कान साधारण वीस-बावीस मिनिटांचा आहे. म्हणजे कोणीही राग सुरू केला की तेवढा वेळ मी अगदी जीव लावून ऐकतो आणि मग आपोआप चुळबुळ सुरू होते, घड्याळ बघायचीसुद्धा गरज नाही. मोबाईलमुळे होतं असं सगळे म्हणतात, पण हे दुखणं मोबाईलच्या खूप आधीचं आहे. त्याचं मूळ आत्याच्या पुण्यातल्या घरी, शोकेसच्या खालच्या कप्प्यात उभ्या लावून ठेवलेल्या एलपींमध्ये, म्हणजे मोठ्या ग्रामोफोन तबकड्यांमध्ये आहे. एलपीची एक बाजू साधारण तेवढीच वाजते, मग सुई आतल्या कोऱ्या गोलात जाऊन खर्र खर्र करत बसते आणि कोणीतरी उठून तबकडी उलटायची असते. सुट्टीत गेलो की ते काम माझ्याकडे. आत्याकडे एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता, छोट्या सुटकेससारखा, आणि त्याला हात लावायची परवानगी मिळणं म्हणजे आमच्यात प्रमोशनच होतं. तर तेव्हापासून पायांना सवय लागलीये, राग रंगला की उठायचं.

आता ही सवय घेऊन दर डिसेंबरात शनिवार-रविवार मी ठाण्याहून सवाईला, म्हणजे पुण्यातल्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जातो. आत्याकडे मुक्काम, दुपारी दोन घास लवकर खाऊन, शाल-स्वेटर पिशवीत कोंबून निघायचं, हल्ली स्वारगेटपर्यंत मेट्रो आहे त्यामुळे पार्किंगवरून होणारी भांडणं वाचली. आत्या मात्र मुकुंदनगरच्या मंडपात शिरली की दरवेळी म्हणते, "हे छानच आहे रे, पण रमणबाग ती रमणबाग." रमणबाग म्हणजे उत्सवाची जुनी जागा. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला आणि पुढे कितीतरी वर्षं तो रात्र-रात्र चालायचा. आत्याच्या गोष्टीत थर्मास असतो, कानटोपी असते, मांडीवर झोपलेलं कोणाचं तरी पोर असतं आणि पहाटे तोडी सुरू झाल्यावर त्या पोरासकट जागा झालेला अख्खा मंडप असतो. मग लाउडस्पीकरचा रात्री दहाचा नियम आला. आता वर्षातल्या ज्या मोजक्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते त्यातला एक आपला सवाईतला शनिवार. बारा वाजले की संपलं. ललत, तोडी, भैरव वगैरे मंडळींना त्यामुळे रात्रीच्या मंडपात जागाच उरली नाही, आणि मला विचाराल तर आवाजाच्या नियमाने पुण्याची झोप वाचली असेल पण सकाळचे राग घरी बसले.

पण मी कानाचं सांगत होतो.

या वेळी दुपारी एका तरुण गायिकेने मुलतानी राग घेतला. आधी तंबोरे लावण्यातच बराच वेळ गेला, एक तार चढवायची, डोळे मिटून ऐकायचं, परत थोडी उतरवायची, आणि माझ्या शेजारचे काका वैतागून म्हणाले, "घरून लावून आणता येत नाहीत का?" मला मात्र तो भाग फार आवडतो. रेकॉर्डवर तंबोरे नेहमी आधीच लागलेले असतात, जसे काही तंबोरे बनवणाऱ्या मिरजेहून तसेच सुरात निघाले आणि थेट स्टुडिओत पोचले. इथे ते डोळ्यांदेखत सुरात येतात, आणि दोन्हींची जवारी, म्हणजे तारांची ती झणझणती आस, एकदम जुळली की मंडपातली बडबड कोणी न सांगता खाली येते.

मग विलंबित, म्हणजे संथ लयीतला एकताल सुरू झाला आणि ती निवांत, अगदी निवांत. मंद्र निषाद, षड्ज, परत निषाद. मधेच तीव्र मध्यमाला जरासा हात लावून परत खाली. पाचेक मिनिटांत आपल्याला वाटतं आता पंचमावर येणार, तर बाई परत षड्जावर. एलपीवर एव्हाना निम्मं विलंबित झालेलं असतं हो! बरोबर विसाव्या मिनिटाच्या आसपास, ती नुकती कुठे पंचमावर टेकत होती, आणि माझे पाय उठले. आता गंमत म्हणजे मी एकटा नव्हतो, आमच्या खुर्च्यांच्या रांगेतले बरेच जण त्याच सुमाराला कॉफी आणि साबुदाणावड्याकडे निघाले, त्यातले बहुतेक माझ्याच वयाचे किंवा थोडे मोठे. माझी पक्की खात्री आहे की ही सगळी एलपीवर वाढलेली मंडळी. विशीतली पोरं बसून होती बरं का. स्टॉलपाशी कॉफीच्या रांगेत उभे असताना आतून एकदम टाळ्यांचा कडकडाट आला, ती तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला पोचली होती. तो षड्ज मी पत्र्याच्या पलीकडून ऐकला.

आत्या उठत नाही. तिच्याही घरी त्याच एलपी, तिनेच तर घेतलेल्या, पण तिचा कान रात्रभराच्या बैठकींवर आधी तयार झाला आणि रेकॉर्डी नंतर आल्या. तिच्या दृष्टीने एलपी म्हणजे गाण्याचा फोटो. माझं उलटं झालं, मी आधी फोटो बघितला आणि मग माणसाला भेटायला गेलो. त्यामुळे संध्याकाळी कोणी मारुबिहाग सुरू केला की मला वाटतं याच्यापुढे 'जागू मैं सारी रैना' येणारच, कारण १९७१ च्या प्रभाताई अत्रेंच्या त्या एलपीवर एका बाजूला मारुबिहाग आणि दुसऱ्या बाजूला कलावती आहे आणि त्यातला श्वासन्‌श्वास मला पाठ आहे. गाणाऱ्याने दुसरीच बंदिश काढली की उगाच फसवल्यासारखं वाटतं. बिचाऱ्याचा काय दोष!

तरी फोटो वगैरे मला पूर्ण पटत नाही. तेवढ्याच वेळात मांडायचंय म्हटल्यावर या लोकांनी काय विचार केला असेल बघा. किशोरीताई आमोणकरांचा भूप घ्या, 'प्रथम सुर साधे' आणि त्यामागून 'सहेला रे', त्यात एक स्वर इकडचा तिकडे करावासा वाटत नाही, आणि घाई तर अजिबात नाही. त्याही आधी अब्दुल करीम खाँसाहेबांना ७८ आरपीएमच्या जुन्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मिळायची. तीन! त्यात त्यांची भैरवी अशी उलगडते की वेळेचं बंधन होतं हे ऐकणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. मैफलीत तास मिळाला म्हणून तासभर तेच तेच घोळवणारेही मी ऐकलेत, तेव्हा यांना कोणीतरी एलपीची एक बाजू मोजून द्या असं वाटतं. हे आत्यासमोर बोलायचं नाही.

शनिवारी रात्री घरी येऊन झोपायला दीड-दोन झाले तरी रविवारी सकाळी आत्या लवकर उठून रेकॉर्ड लावतेच, सकाळचे राग मंडपात मिळत नाहीत ना, मग घरी. या वेळी मी हट्टाने 'कॉल ऑफ द व्हॅली' लावली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, १९६७ ची, एका मेंढपाळाचा अख्खा दिवस दोन बाजूंत बसवलेला, सुरुवातीला अहिरभैरव आणि शेवटी रात्रीचा पहाडी. आत्या पोहे परतता परतता म्हणाली, "अरे, चहा होईपर्यंत रात्र झाली याची." पण पहिली बाजू संपली तेव्हा मी उठायच्या आत तीच गॅस बारीक करून उलटायला गेली होती.

रविवारी रात्री नेहमीप्रमाणे किराणा घराण्याच्या गाण्याने समारोप. भीमसेनजींनंतर बरीच वर्षं तो मान प्रभाताईंचा होता, जानेवारी २०२४ मध्ये त्या गेल्या आणि ती जागा बघताना अजून चुकल्यासारखं होतं. त्यानंतर मंडपात सवाई गंधर्वांची जुनी रेकॉर्ड लावतात, 'बिन देखे परे नहि चैन', भैरवी. म्हणजे एवढे दिवस इतके सगळे समोर बसून गाणार आणि शेवटचा शब्द रेकॉर्डचा! मी आत्याला कोपराने ढोसलं, बघ म्हटलं, शेवटी फोटोच लावला की नाही. ती म्हणाली, "गप बस, ऐकू दे." पार्किंगकडे पळणारे सोडले तर त्या काही मिनिटांत कोणी हलत नाही, मीसुद्धा नाही, तेवढं तर माझ्या कानात आरामात बसतं.

परतीच्या गाडीत ठरवून टाकलंय, पुढच्या वर्षी खुर्चीचं तिकीट काढायचं नाही, भारतीय बैठकीचं काढायचं. गुडघे दुखतील, दुखू देत. तिथून मधेच उठायचं म्हणजे लोकांच्या मांड्या, पर्सेस आणि डबे ओलांडत जावं लागतं, आणि पुणेकरांच्या त्या नजरा झेलत कॉफी प्यायला जायची माझी हिंमत नाही.