लोड नाचतोय? आधी ट्रेंड बघा
आजची अख्खी पाळी साखर कारखान्यातल्या २० मेगावॉट टर्बाइनचं हंटिंग, म्हणजे लोडचं सतत वरखाली होणं, कशामुळे ते शोधण्यात गेली. लोड हलला की लगेच गव्हर्नरचा (वेग आणि लोड सांभाळणाऱ्या नियंत्रकाचा) गेन, म्हणजे प्रतिसादाचा जोर, कमी करू नका, दुखणं नुसतं झाकलं जातं. ट्रेंडवर (नोंदींच्या आलेखावर) बघा, आधी काय हललं? वाफेचा दाब आधी पडला तर बॉयलरकडे वळा: ओला बगॅस (उसाचं चिपाड), तुंबलेला फीडर. वाफेचा व्हॉल्व्ह आधी हलला तर हे तपासा: कंट्रोल ऑइलचा दाब, सर्व्होचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या यंत्रणेचा) फिल्टर, तेलाचा दाब टिकवणाऱ्या अ‍ॅक्युम्युलेटरमधला नायट्रोजन, स्पीड प्रोबचा कनेक्टर. लिंकेजच्या पिना हातानं हलवून बघायच्या, अर्थात मशीन बंद असताना; झिजलेली पिन भल्याभल्यांना चकवते. आणि हो, ४ टक्के ड्रूपवर (फ्रिक्वेन्सी ४ टक्के घसरली की लोड शून्यापासून पूर्ण चढेल, असं सेटिंग) ग्रिडची फ्रिक्वेन्सी ०.१ हर्ट्झ घसरली तर लोड साधारण १ मेगावॉट चढणारच. तो बिघाड नव्हे!