रेल्वेची जुनी डीसी कंट्रोल रूम बघायला बडोद्याहून निघणार असाल तर आधी हे वाचा

कोणी तुम्हाला 'जुनी कंट्रोल रूम जशीच्या तशी जपलीय' म्हणालं तर एकच विचारा, पॅनलच्या, म्हणजे स्विच-मीटर लावलेल्या फलकाच्या, मागे जाऊन बघितलंस का? आम्ही नाही विचारलं. दांडिया बाजारातले चौघं, तिघांची अख्खी नोकरी स्विचगिअरमध्ये (वीज चालू-बंद करणारी यंत्रं) गेलेली, आणि निघालो एका व्हॉट्सअ‍ॅप फोटोवर भरवसा ठेवून. बडोद्याची मेन लाईन विजेवर आली तीच २५ केव्ही (२५ हजार व्होल्ट) एसीवर, त्यामुळे जुनी डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) बघायची तर मुंबईकडेच जावं लागतं.

रात्रीची गाडी दादरला थांबणारीच घ्या. तिथून लोकलने कल्याणच्या पुढे गेलो आणि खरी बोंब इथून. रिक्षावाल्याने 'अगदी दारात सोडतो' म्हणून साडेतीनशे घेतले आणि दीड किलोमीटर अलीकडे उतरवलं, पुढे रिक्षा जात नाही म्हणे. परतताना दुसऱ्याने स्टेशनपर्यंत ऐंशीत आणलं!! तो दीड किलोमीटर म्हणजे नुसती खडी, दोन्ही बाजूंनी घाणेरीची झुडपं, वर मे महिन्याचं ऊन, आणि आमच्या आतेभावाच्या पायात सँडल. रुळांवरून शॉर्टकट दिसतो, मारू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड होऊ शकतो. पाणी माणशी दोन लिटर, बूट घोट्याच्या वरपर्यंतचे.

सबस्टेशनात (गाड्यांच्या तारेला वीज पुरवणारं केंद्र) शिरलो आणि पहिल्यांदा खरंच छाती भरून आली. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. व्होल्टेज कमी, म्हणजे करंट जास्त आणि तारेत व्होल्टेजची घट जास्त, म्हणून थोड्या थोड्या किलोमीटरवर एक सबस्टेशन लागायचं. तिथे एसीची डीसी करायला आधी रोटरी कन्व्हर्टर (फिरतं यंत्र), नंतर मर्क्युरी आर्क रेक्टिफायर (पाऱ्यावर चालणारा). मग २५ केव्ही आलं, वेस्टर्नवर २०१२, सेंट्रलवर २०१६ पर्यंत काम पुरं झालं आणि ही सबस्टेशनं बिनकामाची झाली. आत टनावारी तांबं, मग काय होणार ते सांगायला नको.

तर पॅनल. समोरून झकास. पण कोणीतरी त्याला वरपासून खालपर्यंत राखाडी ऑइलपेंट फासलाय, त्यात पितळी नावपट्ट्याही गेल्या, अ‍ॅमीटरच्या काचेवर ब्रशचे फराटे. एका स्विचच्या मुठीवरचा रंग उडालाय, तिथे पितळ अंगठ्याएवढं झिजलेलं दिसतं, म्हणजे ऑपरेटरचा हात वर्षानुवर्षं तिथेच पडायचा. तेवढंच काय ते खरं उरलंय. मागे गेलो तर सगळ्या केबल करवतीने सपाट कापलेल्या, टोकांना हिरवा गंज. वायरिंग डायग्राम नाही, लॉगबुक नाही. आमच्यातले एक काका म्हणाले, 'हे पॅनल नाही रे, पॅनलचा मुखवटा आहे.' माझं मत विचाराल तर एवढ्यासाठी येऊ नका.

आणि कुठे असं काही वाचवायला घेणार असाल तर रंगाचा डबा आणूच नका. आधी मागच्या प्रत्येक टर्मिनलचा फोटो काढा, केबलवरचे नंबर लिहून घ्या, डायग्राम शोधा, झाडपूस नंतर. ब्रेकरच्या आर्क शूटमधून (ठिणगी विझवणाऱ्या खोक्यातून) पांढरट भुसभुशीत काही निघत असेल तर तो अ‍ॅस्बेस्टॉस धरून चाला, झाडू मारू नका. रेक्टिफायरच्या काचेच्या बल्बमध्ये पारा असतो, फुटका असेल तर लांबूनच नमस्कार. परवानगी रेल्वेच्या डिव्हिजन ऑफिसकडून लेखीच घ्या, 'माझी ओळख आहे' हे फाटकावर चालत नाही, आमचा एक तास त्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत 'सर लेस्ली विल्सन' हे जुनं इलेक्ट्रिक इंजिन बघितलं, 'खेकडा' म्हणतात ते हेच. छान आहे, बघा.

आदल्या दिवशी सबस्टेशनातून निघताना तिथल्या माणसाने फीडर (वीज पुढे नेणारी लाईन) नंबरची एक सुटी पट्टी पुढे केली होती, 'दोनशे द्या, घेऊन जा.' हात खिशाकडे गेला होता, खोटं कशाला बोलू. पण ती गेली की तो स्विच कुठल्या फीडरचा होता हे कोणालाच कळणार नाही, म्हणून नाही घेतली. पॅनलवर तिची जागा शोधली, स्क्रूची भोकंही ऑइलपेंटने बुजलेली. शेवटी पट्टी पॅनलच्या मागच्या पत्र्यावर ठेवून आलो.